पडद्यावरची उडी, हातातली उडी

सिनेमा पाहून घरी आलेलं मूल गोष्ट सांगत बसत नाही, ते उडी मारून दाखवतं. अल्लादीन छपरावरून कसा निसटला, सिंबा कसा गुरगुरला, अंकल स्क्रूज नाण्यांच्या ढिगात कसा सूर मारतो, हे सगळं दिवाणावरून खालच्या उशांवर घडतं आणि घरातल्या मोठ्यांना ते पाहावं लागतं. इतका वेळ एका जागी बसलेल्या अंगाला पडद्यावरची हालचाल आता स्वतः करायची असते. कौटुंबिक चित्रपटांवर आणि कार्टूनवर बेतलेल्या व्हिडिओ गेम्सचं मूळ मला या धडपडीत दिसतं. कंपन्यांनी हक्क विकत घेतले ते नावावर माल खपतो म्हणून, हे उघड आहे. पण त्या ढीगभर मालातले जे थोडे गेम मुलांनी पुन्हा पुन्हा खेळले आणि मोठेपणी मुद्दाम शोधून काढले, त्यांच्यात एक गोष्ट समान आहे. त्यांच्या कर्त्यांनी त्या पात्राची एक हालचाल नेमकी पकडली होती आणि ती मुलाच्या अंगठ्याखाली आणून ठेवली होती.

हे पुस्तक अशा आवडत्या गेम्सचं आहे. यात कुठे तंत्राची चर्चा आहे, कुठे संगीताची, कुठे निव्वळ प्रेम आहे. या प्रस्तावनेत मला एवढंच करायचं आहे की हे गेम कशातून आले, त्यांतले काही का फसले आणि काही का टिकले, याची जमीन तयार करून द्यायची. सिनेमावरचा गेम म्हणजे घाईत उरकलेला, टाकाऊ माल, हा समज गेम खेळणाऱ्यांत फार जुना आहे. तो कुठून आला हे आधी पाहायला हवं.

१९८२च्या उन्हाळ्यात स्टीव्हन स्पीलबर्गचा ‘ई.टी.’ अमेरिकेत तुफान चालला. अटारी कंपनीने त्यावरच्या गेमचे हक्क मोठी रक्कम मोजून घेतले. बोलणी लांबली, आणि गेम नाताळात दुकानात हवा असेल तर तो तयार करायला पाचच आठवडे उरले. हॉवर्ड स्कॉट वॉरशॉ या प्रोग्रामरने ते काम अंगावर घेतलं. ‘यार्स रिव्हेंज’ आणि ‘रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क’ हे त्याचे आधीचे गेम होते, तेव्हा माणूस कच्चा नव्हता. त्याने मुदतीत चालणारा गेम दिला. तो सुरुवातीला विकलाही गेला, पण कंपनीने मागणीपेक्षा कितीतरी जास्त प्रती काढून ठेवल्या होत्या. १९८३ साली न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डो गावच्या कचरा डेपोत अटारीने न खपलेला माल पुरला. त्यात ‘ई.टी.’ही होता. ही दंतकथा असावी असं कित्येकांना वाटत होतं. २०१४च्या एप्रिलमध्ये ती जागा उकरली तेव्हा गेम खरोखर बाहेर आले.

या अपयशाचं खापर नेहमी त्या पाच आठवड्यांवर फुटतं. मला दुसरं कारणही तितकंच मोठं वाटतं. ‘ई.टी.’ पाहिलेल्या कुठल्याही मुलाला विचारा, त्याला सायकल आठवते: चंद्रासमोरून हवेत जाणारी सायकल. अटारीच्या गेममध्ये ती सायकल नाहीच. त्यात ई.टी. मोकळ्या मैदानातून फिरतो, फोनचे तुकडे गोळा करतो आणि सारखा खड्ड्यात पडतो. मान लांब करून हळूहळू वर येतो, आणि काठावरून पुन्हा आत जातो. मुलाला उडायचं होतं आणि त्याचा सगळा वेळ खड्ड्यातून वर येण्यात गेला. वॉरशॉला आणखी सहा महिने मिळाले असते तरी, ही सायकल सुचली नसती तर, गेम फार वेगळा झाला नसता असं माझं मत आहे.

याच्या अगदी उलट टोकाला १९८९चा ‘डकटेल्स’ आहे. कार्ल बार्क्सने १९४७ साली कॉमिक्समध्ये जन्माला घातलेला कंजूष, साहसी स्क्रूज १९८७ साली टीव्ही मालिकेत आला, आणि दोन वर्षांनी जपानच्या कॅपकॉम कंपनीने निन्टेन्डोच्या आठ बिटच्या यंत्रासाठी त्याचा गेम काढला. त्यात कॅपकॉमने एक शोध लावला. स्क्रूजच्या हातातली काठी तो जमिनीवर टेकवतो आणि तिच्यावरच टुणटुण उड्या मारत सुटतो. शत्रूच्या डोक्यावर, काट्यांवर, खजिन्याच्या पेटीवर, सगळीकडे हीच काठी. म्हाताऱ्या बदकाचा हट्ट, चपळपणा आणि एक पैसा वाया न घालवण्याची वृत्ती या एका उडीत येते. हिमालयाच्या टप्प्यात मऊ बर्फावर काठी टेकवली तर ती रुतून बसते, आणि आपल्या हाताला त्या मुलखाची थंडी कळते. अ‍ॅमेझॉन, ट्रान्सिल्व्हेनिया, आफ्रिकेतल्या खाणी, हिमालय आणि चंद्र, यांतलं कुठलंही ठिकाण आधी निवडता येतं, हेही मालिकेतल्या भटक्या स्वभावाला धरूनच होतं.

चंद्राच्या टप्प्याचं संगीत हिरोशिगे तोनोमुरा यांचं. त्या यंत्राला आवाजाच्या मोजक्याच वाहिन्या होत्या, आणि तेवढ्यात त्यांनी अशी चाल बांधली की लोक खेळ थांबवून ती ऐकत राहत. पुढे २०१७ साली ‘डकटेल्स’ मालिका नव्याने आली तेव्हा ही चाल त्यात अंगाई होऊन आली. म्हणजे कार्टूनवरून झालेल्या गेमने कार्टूनला परत काही दिलं. हक्क विकत घेऊन केलेल्या कामाला एवढी प्रतिष्ठा क्वचितच मिळाली असेल.

आपल्याकडे हे सगळं जरा वेगळ्या वाटेने आलं. नव्वदच्या दशकात दूरदर्शनवर ‘डकटेल्स’ आणि ‘टेलस्पिन’ हिंदीत लागत. त्याच सुमारास मुंबई-पुण्यापासून तालुक्याच्या गावांपर्यंत घराघरांत ‘टीव्ही गेम’ शिरले. ही बहुतेक यंत्रं निन्टेन्डोच्या नकला होत्या आणि एका कॅसेटमध्ये शेकडो गेम असल्याचा दावा डब्यावर छापलेला असे. कॅसेट चालली नाही की काढून तिच्यात फुंकर मारायची, पुन्हा बसवायची. मेनूमधली नावं इंग्रजीत, कधी चुकीच्या स्पेलिंगची, सूचना कुणी वाचत नसे. पण पडद्यावर ओळखीचं पात्र दिसलं की काय करायचं ते मुलांना कळे, कारण रविवारी त्यांनी त्याला तेच करताना पाहिलेलं होतं. सिनेमावरच्या आणि कार्टूनवरच्या गेम्सचा हा मोठा गुण मराठी घरांत ठळक दिसला. भाषेची अडचण पात्राच्या ओळखीने दूर केली.

या कॅसेटांमधला माझ्या मते सर्वांत प्रेमळ गेम म्हणजे १९९०चा ‘चिप अँड डेल रेस्क्यू रेंजर्स’, तोही कॅपकॉमचा. दोन चिमुकल्या खारी डोक्यावर आपल्याहून मोठं खोकं उचलतात, फेकतात, आणि धोका दिसला की त्याच खोक्याच्या आत लपून बसतात. सफरचंद उचललं तर त्याच्या वजनाने उडी छोटी होते. आपण किती लहान आहोत हे हाताला सतत जाणवतं, आणि त्या कार्टूनचा सगळा जीव त्यातच आहे. दोघांनी मिळून खेळताना एक खार दुसरीला उचलून फेकूही शकते. भावंडांची किती भांडणं त्या एका बटणाने लावली असतील! पण त्यामुळेच ती दोघं शेजारी बसून खेळत राहिली.

आता अल्लादीन. या पुस्तकातली बरीच पानं त्याने घेतली आहेत आणि ते योग्यच आहे, कारण सिनेमावरून गेम करायचा म्हणजे काय करायचं, या प्रश्नाची दोन उत्तरं १९९३ साली एकाच चित्रपटावरून, दोन वेगवेगळ्या यंत्रांसाठी, दोन वेगळ्या चमूंनी दिली. सेगाच्या मेगा ड्राइव्हसाठी व्हर्जिन गेम्सने केलेल्या ‘अल्लादीन’चं प्रोग्रामिंग उत्तर आयर्लंडमधून अमेरिकेत आलेल्या डेव्हिड पेरी यांच्या हाती होतं. तोपर्यंत गेममधली पात्रं प्रोग्रामर आणि चित्रकार संगणकावर एकेक ठिपका भरून काढत. इथे डिस्नेच्याच अ‍ॅनिमेटरनी पात्रांच्या हालचाली कागदावर पेन्सिलने काढल्या, मग ती रेखाटनं संगणकात घेऊन रंगवली गेली. यंत्राला पडद्यावर एका वेळी साठ-एक रंग दाखवता येत आणि अख्खा गेम दोन मेगाबाइटमध्ये बसवायचा होता. तरीही पडद्यावर जे धावू लागलं ते सिनेमातलंच होतं. अल्लादीन थांबला की सफरचंदं झेलत बसतो. उंटावर उडी मारली की उंट थुंकतो. निखाऱ्यांवर पाय पडलेला पहारेकरी बोंबलत नाचतो. रेषेची ती लवचीक, किंचित ताणलेली धाव जशीच्या तशी उतरली.

त्याच वर्षी निन्टेन्डोच्या सोळा बिटच्या यंत्रासाठी कॅपकॉमने आपला ‘अल्लादीन’ काढला. त्याचे रचनाकार शिंजी मिकामी. पुढे १९९६ साली ‘रेसिडेंट ईव्हिल’ करून भयपटांसारख्या गेम्सची लाट आणणारे ते हेच. त्यांच्या अल्लादीनच्या हातात तलवार नाही. तो शत्रूच्या डोक्यावर हात टेकून कोलांटी घेतो, खांबाला लटकून झोका देतो, गच्चीचा कठडा पकडतो, आणि उंचावरून चादर पसरून तरंगत खाली येतो. सफरचंद मारून समोरच्याला फक्त थोडा वेळ थांबवता येतं. मध्येच एक टप्पा असा आहे की गालिच्यावर जास्मिनबरोबर उडायचं आणि वाटेतली रत्नं वेचायची, शत्रू कुणीही नाही. गेमने शत्रूविना एवढा वेळ द्यावा, हे त्या काळी धाडसाचं होतं.

या दोन गेम्सवरून शाळेच्या मैदानावर सुरू झालेला वाद तीस वर्षांनंतरही मिटलेला नाही. एका मुलाखतीत मिकामी यांनी मोठ्या मनाने सांगितलं आहे की आपण गेम केला नसता तर आपण सेगाचा घेतला असता, कारण त्याचं अ‍ॅनिमेशन सरस आहे आणि त्यात तलवार आहे. त्यांच्या या उदारपणाबद्दल आदर ठेवूनही मी त्यांच्याशी सहमत नाही. व्हर्जिनच्या गेममध्ये अल्लादीनचं रूप आहे, कॅपकॉमच्या गेममध्ये त्याचा स्वभाव आहे. तो चोरी करून पळणारा, अंगावर आलेल्याला टाळून वर चढणारा पोरगा आहे. अग्रबाच्या छपरांवर ज्याची सुटका पायांच्या जोरावर होते, त्याला तलवार दिली की तो दुसराच कुणी होतो. पुढे काही लेखकांनी नेमकं उलट लिहिलं आहे, आणि ‘तलवारीचा खणखणाट ही माझ्या बालपणाची खूण आहे’ या मुद्द्याला माझ्याकडे उत्तर नाही.

‘लायन किंग’ची गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे. लास व्हेगासच्या वेस्टवुड स्टुडिओजने १९९४ साली केलेला हा गेम मुलांचा म्हणून विकला गेला आणि मुलांना तो पार होईना. दुसऱ्याच टप्प्यात माकडं सिंबाला एकमेकांकडे भिरकावतात. कुठल्या माकडावर आधी गुरगुरायचं हे समजलं नाही तर तिथेच फिरत राहायचं, आणि मग शहामृगाच्या पाठीवरची ती जीवघेणी दौड. वेस्टवुडचे एक संस्थापक लुइस कॅसल यांनी नंतर कारण सांगितलं. अमेरिकेत गेम भाड्याने मिळत. दोन दिवसांच्या भाड्यात मुलाने गेम संपवला तर विकत कोण घेणार? म्हणून सुरुवातीलाच वाट अवघड करायचं ठरलं. आपल्याकडेही तासावर गेम खेळायला देणारी दुकानं गल्लोगल्ली होती, आणि दुसऱ्या टप्प्यावर लाइफ संपवून बसलेल्या मुलांना वाटे की आपल्यालाच जमत नाही. त्यांच्या हातांत काही कमी नव्हतं. तो अडथळा बाजाराने घातला होता, आणि लहान मुलांच्या गेममध्ये तो घालायला नको होता.

असं असूनही हा गेम माझ्या आवडत्यांत वरच्या जागी आहे. अर्ध्याहून जास्त गेमभर आपण छावा असतो: शत्रूवर उडी मारायची, लोळण घ्यायची, आणि गुरगुरायचं तर आवाज इतका बारीक की आधी दम साठवावा लागतो. ‘हकुना मटाटा’चा टप्पा ओलांडला की सिंबा मोठा होतो आणि हातातली तीच बटणं एकदम जड होतात. आता पंजा चालतो, डरकाळीने समोरचा हादरतो. सिनेमात हे मोठं होणं आपण पाहतो. गेममध्ये इतका वेळ लहानपणाची सवय झालेल्या बोटांना ते कळतं. शेवटी स्कारला नुसतं मारून भागत नाही, त्याला कड्यावरून खाली फेकावं लागतं, आणि तेही सिनेमाला धरून.

याच सिनेमामुळे संगणकाच्या इतिहासात एक मोठा बदल झाला, तोही नोंदवायला हवा. १९९४च्या नाताळात ‘लायन किंग’ची सचित्र गोष्टीची सीडी अमेरिकेतल्या घरोघरी भेट म्हणून गेली आणि काही नव्या संगणकांवर ती सुरूच होईना. विंडोजवर वेगाने चित्र हलवण्यासाठी त्यात वापरलेली विनजी ही मायक्रोसॉफ्टची सोय त्या यंत्रांच्या ग्राफिक्सशी जुळली नाही. ऐन सणात रडवेली झालेली मुलं आणि संतापलेले पालक, असा तो प्रसंग. विंडोजला गेमसाठी भक्कम पाया हवा, याची निकड त्या प्रसंगाने पटली आणि १९९५ साली डायरेक्टएक्स आलं. आज विंडोजवर जे गेम चालतात, त्यांतले बहुतेक या पायावर उभे आहेत.

‘जंगल बुक’बद्दल थोडंच. व्हर्जिनने १९९४ साली डिस्नेच्या १९६७च्या चित्रपटावरून गेम काढला, वेलींवर झोके घेणारा, केळी फेकून मारणारा मोगली त्यात आहे. आपल्याकडच्या मुलांना मात्र मोगली डिस्नेचा नव्हता. तो दूरदर्शनवर हिंदीत आलेल्या जपानी मालिकेतला होता, ज्यात शेरखानला नाना पाटेकरांचा आवाज होता. किपलिंगने ज्या सिवनीच्या टेकड्यांत ही कथा घडवली, तो जिल्हा नागपूरच्या वर, पेंचच्या जंगलाला लागून आहे. विदर्भातल्या मुलाला अमेरिकन कंपनीच्या गेममध्ये आपल्या शेजारचं जंगल मिळालं, आणि खेळताना त्याच्या मनात आवाज घुमत होता तो नानांचा.

घरात संगणक आल्यावर गेम सीडीवर येऊ लागले. लॅमिंग्टन रोडवर आणि गावोगावच्या संगणकाच्या दुकानांत ‘हर्क्युलस’, ‘टारझन’, ‘टॉय स्टोरी २’ मिळत. ‘टॉय स्टोरी’च्या पहिल्या, १९९५च्या गेममध्ये ट्रॅव्हलर्स टेल्स या ब्रिटिश चमूने वुडीच्या पाठीतली ओढायची दोरी हेच त्याचं हत्यार केलं. खेळण्याच्या शरीरातच हालचाल शोधली, त्याच्या हातात बाहेरून काही दिलं नाही. २०१०च्या ‘टॉय स्टोरी ३’मध्ये अ‍ॅव्हलांच सॉफ्टवेअरने याहून पुढचं पाऊल टाकलं. ‘टॉय बॉक्स’ या भागात ठरलेली गोष्टच नाही. खेळणी आहेत, गाव आहे, आणि आपल्याला वाटेल ते मांडायचं आहे. पिक्सारच्या त्या सिनेमांचा गाभा मुलाने खेळणी जमिनीवर पसरण्यात आहे, आणि गेमने तेच करू दिलं. २००१चा संगणकावरचा पहिला ‘हॅरी पॉटर’ मला असाच प्रिय आहे. वर्गात मंत्र शिकायचा तर माउसने हवेतली आकृती गिरवावी लागे. मनगट फिरे, छडी फिरे. त्यात शिकलेला ‘फ्लिपेंडो’ मंत्र हॅरीच्या सात कादंबऱ्यांत कुठेच नाही, तरी एका पिढीला तो पाठ आहे.

मग इतके थोडेच गेम चांगले का निघाले? मुख्य अडचण तारखेची. चित्रपट ठरलेल्या शुक्रवारी लागणार, आणि गेम त्याच आठवड्यात दुकानात हवा. अ‍ॅनिमेशनपटाला चार-चार वर्षं लागतात, गेमच्या चमूला त्यातलं शेवटचं वर्ष-दीड वर्ष मिळे, आणि त्या काळातही पटकथा बदलत राही. २०१० नंतर मोठ्या यंत्रांसाठी गेम बनवण्याचा खर्च इतका वाढला की ही पद्धतच आटली. पात्रं फोनवर गेली. ‘टेम्पल रन’ची धाव तशीच ठेवून २०१२ साली ‘ब्रेव्ह’मधली मेरिडा त्यात पळू लागली, पुढच्या वर्षी ‘मिनियन रश’ आला. आपल्याकडे मुंबईच्या नझारा कंपनीने छोटा भीम आणि मोटू-पतलू यांचे गेम फोनवर आणले. त्यांतल्या बऱ्याच गेम्समध्ये पात्र बदललं तरी धाव तीच राहते. भीमचा लाडू खाल्ल्यावरचा जोर अंगठ्याला जाणवेल असा गेम झाला तर मी तो पहिल्या दिवशी घेईन. आणि भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेला त्याची सायकल आहे, पुण्याच्या गल्ल्या आहेत. ‘ई.टी.’च्या गेममध्ये राहून गेलेली हालचाल इथे आयती तयार आहे, कुणीतरी ती उचलावी.

एक काळजी मात्र या पुस्तकामागे सतत होती. हे गेम हक्कांच्या करारांवर जगतात. करार संपला की ते दुकानातून नाहीसे होतात, मग ते कितीही चांगले असोत. २०१३ साली वेफॉरवर्डने ‘डकटेल्स’ची सुंदर नवी आवृत्ती केली, त्यात मालिकेतल्या स्क्रूजचे मूळ आवाज अ‍ॅलन यंग यांनी पुन्हा काम केलं, तेव्हा त्यांनी नव्वदी ओलांडली होती. २०१९च्या ऑगस्टमध्ये हा गेम विक्रीतून काढला गेला. २०२०च्या मार्चमध्ये तो परत आला, पण प्रत्येक गेमचं नशीब असं नसतं. पुस्तक संपलं तरी ग्रंथालयात राहतं. गेमला अशी जागा अजून फार थोड्या ठिकाणी आहे. म्हणून पुढच्या लेखांत हालचालींची वर्णनं मुद्दाम सविस्तर ठेवली आहेत: कुठलं बटण, किती उंच उडी, पडल्यावर काय होतं. ज्यांना तो गेम कधीच मिळणार नाही, त्यांच्यासाठी ही नोंद आहे.

ज्यांना मिळेल त्यांनी वाचण्याआधी थोडं खेळून घ्यावं. व्हर्जिनचा ‘अल्लादीन’ आणि ‘लायन किंग’ २०१९ साली एका संचात पुन्हा आले, आणि २०२१च्या संचात ‘जंगल बुक’ आणि कॅपकॉमचा ‘अल्लादीन’ही मिळाला. त्यात चुकलेली उडी मागे नेण्याची सोय आहे. शहामृगाच्या दौडीत ती निःसंकोच वापरा, घरातल्या मुलांनाही वापरू द्या. अल्लादीनच्या दोन्ही गेम्समधला बाजाराचा पहिला टप्पा मात्र एकाच बैठकीत, लागोपाठ खेळा, आणि मग त्यांच्यावरचे दोन्ही लेख वाचायला घ्या.